दाढीआधीचं तेल

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आरसा एकच होता, आणि तो मोरीच्या वर टांगलेला. त्यामुळे पोळ्या लाटणारी आई, दप्तर शोधणारा मी आणि गाल फुगवून उभे असलेले बाबा, असे तिघंही रोज सकाळी एकमेकांच्या कोपरांत असायचो. एवढ्या दाटीत बाबा जो संथपणा करायचे, त्याने माझं डोकं फिरायचं. मला दात घासायचे असायचे, शाळेची वेळ झालेली असायची, आणि हे गृहस्थ तोंडाला खोबरेल चोळून, डोळे मिटून, मोरीच्या कठड्याला टेकून वाट बघत उभे. कसली वाट, तर तेल मुरायची.

पद्धत ठरलेली होती. आधी पंचा कोमट पाण्यात भिजवून, पिळून गालांवर दाबून धरायचा. मग डावा तळवा पुढे करायचा आणि त्यावर बाटलीतून थोडंसं खोबरेल घ्यायचं. उजव्या हाताच्या बोटांनी ते हनुवटीकडून कानाकडे, केसांच्या उलट्या दिशेने चोळायचं. मग थांबायचं. मग त्या तेलावरच ब्रशने फेस चढवायचा. तेलावर फेस धरत नाही, असं शेजारचे लोक म्हणायचे. बाबांचा धरायचा, कारण ते ब्रश इतका वेळ घोळवत बसायचे की शेवटी साबणच कंटाळून हार मानायचा. फेसावरून दुधारी पात्याचं रेझर, आणि सगळ्यात शेवटी तुरटी. थंडीत तेल थिजलं की बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. तेवढ्या एका कामासाठी मी थंडीचा द्वेष करायचो.

आई देशावरची. तिच्या माहेरून तिळाचं तेल यायचं, तेही बाबांनी एकदा गालाला लावून पाहिलं आणि 'गरम पडतं' म्हणून नापास केलं. पुढे कित्येक वर्षं आई हे ऐकवायची. "माझ्या माहेरचं तेलसुद्धा यांच्या तोंडाला लागत नाही," असं ती शेजारणींना सांगायची आणि बाबा फेसाआडून हसायचे.

ही सगळी नटवेगिरी नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बाबा ठाण्यात कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. ते ज्या खात्यात होते, तिथे तोंडावर मास्क चढवल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि गालावर खुंट राहिले की मास्क नीट बसत नाही, फटीतून वास आत येतो. म्हणून रोज गुळगुळीत दाढी करायची. खात्याच्या दारात सुपरवायझर प्रत्येकाच्या गालांकडे बघायचा. आता रोज रोज दाढी, वर आमच्या इमारतीला बोअरिंगचं जड पाणी, त्यावर दिवसभर रबराचा मास्क. बाबांची कातडी मुळात बाईमाणसासारखी मऊ, ती सोलवटून निघायची. तेलाने ती वाचली. दाढी त्यांना श्वासासाठी लागायची आणि तेल दाढीसाठी.

आणि एवढं असूनही सुतक आलं की हा माणूस दाढीला हात लावत नसे. आमची भावकी कोकणातल्या एका गावात, आणि भावकीत म्हाताऱ्यांची कमी नव्हती. कुणी गेल्याचं कळलं की दहा दिवस तेल नाही, पातं नाही. पण दाढी नाही तर मास्क नाही, आणि मास्क नाही तर खात्यात प्रवेश नाही. खात्यातल्या इतरांनी यातून केव्हाच वाट काढली होती, तिसऱ्या दिवशी दाढी करून ते कामाला लागायचे. बाबा रजा टाकायचे, आणि वर्षाची रजा त्यातच संपायची. माझ्या मे महिन्यातल्या गावच्या सुट्ट्या अशा कुठल्या कुठल्या चुलतआजोबांनी खाल्ल्या आहेत. एकदा मी रागाने म्हणालोही, की ज्यांना आपण कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी कशाला हे. बाबा दाढीचे खुंट खाजवत म्हणाले, "मेलेल्या माणसाचं आपण दुसरं करतो तरी काय रे? तेवढं तरी करावं."

हे वाक्य आईच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्याही बसलं, पण मला त्याची किंमत पुढे मोजावी लागेल असं वाटलं नव्हतं.

कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका टॉवरमध्ये मी घर घेतलं. घोडबंदर रोडवरून ऑफिसला जायला बरं पडेल, हा तेव्हाचा माझा समज. बाबा डोंबिवलीत दूध आणायला गेले आणि घरचा जिना विसरले, असं दोनदा झालं, तेव्हा मी दोघांना इकडे घेऊन आलो. रिक्षातून उतरल्यावर बाबा आमच्या सोसायटीच्या गेटसमोर बराच वेळ उभे राहिले. "आपण कंपनीत राहायला आलो का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, आणि ते खरंच होतं. त्यानंतर ते जे काही बोलले, त्यात इतकं खरं क्वचितच असायचं.

एकेक गोष्ट गळत गेली. आधी नातेवाइकांची नावं, मग संडासचं दार कुठलं ते, मग जेवलो की नाही ते. आईला ते कधी आपली बहीण समजायचे, कधी पाहुणी. मला 'कोण पाहिजे?' असं विचारायचे. पण सकाळी आई त्यांना बेसिनच्या आरशासमोर उभं करायची आणि ओल्या पंचाने गाल शेकून झाले की त्यांचा डावा तळवा आपोआप पुढे यायचा. त्यावर मी खोबरेल ओतायचो. त्या वासासरशी पुढचं सगळं सुटत जायचं. तेल चोळणं, डोळे मिटून थांबणं, ब्रश, फेस, रेझर, तुरटी. सगळं त्यांच्या हाताने, एकदाही न चुकता. भात खाताना ज्या हाताला तोंड सापडत नव्हतं, तो हात गळ्याच्या घाटीवरून पातं असं फिरवायचा की बघत राहावं.

आणि तुरटी लावून झाली की तासभर बाबा बाबा असायचे. खिडकीपाशी चहा घेऊन बसायचे आणि मला नावाने हाक मारायचे. "अरे, अजून गेला नाहीस तू? आज ट्रॅफिक नाही वाटतं." मग मला डिवचायचे. मी डब्यातला फेस गालाला फासून धावतपळत दाढी करतो, हे त्यांना त्या तासात पक्कं आठवायचं. "कातडी माझ्यावर गेलीय तुझी. तेल लावत जा, नाहीतर एक दिवस सोलून निघशील." मी म्हणायचो, "बाबा, वेळ कुठाय?" ते म्हणायचे, "वेळ मलाही नव्हता, मला फर्स्ट शिफ्ट होती." रोज हेच संभाषण. मी रोज ऑफिसला उशिरा जायचो आणि रोज बोलणी खायचो, आणि मला त्याचं काही वाटत नसे. दिवसातला तेवढाच एक तास मला वडील होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जे ते स्वतःहून करतात ते करू द्या आणि त्यात खंड पडू देऊ नका. एकदा सुटलं की परत धरता येत नाही. हे ऐकायला आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको आणि आई.

मग गावाहून फोन आला. बाबांचे एक चुलतभाऊ गेले. फोनवर त्यांचा मुलगा होता, माझ्याच वयाचा. मी जरा चाचरत विचारलं, की आम्ही तीन दिवस धरले तर चालेल का. तो म्हणाला, "दहा दिवस आहेत. मी कळवायचं काम केलं. तुम्ही ठाण्यातली माणसं, तुम्हाला जमेल तसं करा." यातलं 'ठाण्यातली माणसं' हे आईला शेजारी बसून ऐकू गेलं.

आईने अंघोळ केली, देव झाकले आणि खोबरेलची बाटली, ब्रश, रेझर, तुरटी असं सगळं एका पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. बायको म्हणाली, "आई, अहो बाबांचं रूटीन मोडू नका. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? आपण पाळू सगळे, त्यांना राहू दे."

आई म्हणाली, "यांनी नोकरीत असताना रजा टाकून सुतक पाळलंय. आणि आता सख्खा चुलतभाऊ गेलाय, तर मी यांच्या तोंडाला तेल लावू? यांना कळत असतं तर हे काय म्हणाले असते, तू सांग."

ती हे मला विचारत होती. बाबा काय म्हणाले असते ते मला तंतोतंत माहीत होतं. आणि ते आईच्या बाजूचं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

पहिल्या सकाळी बाबा आरशासमोर गेले आणि त्यांनी तळवा पुढे केला. आई म्हणाली, "सुतक आहे." बाबांचा हात लगेच खाली आला. हा शब्द त्यांना कळत होता. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. बाबा मटकन स्टुलावर बसले आणि रडायला लागले. लहानपणी खाडीत पोहायला कुणी शिकवलं, मार कुणी वाचवला, असं काय काय सांगत राहिले. मला वाटलं, बरं झालं, निदान रडले तरी.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा तळवा पुढे केला. पुन्हा सुतक, पुन्हा कोण गेलं, आणि पुन्हा तेच रडणं, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तिसऱ्या सकाळी पुन्हा. त्या दिवशी ऑफिसात बाहेरची माणसं यायची होती, म्हणून मी बाथरूमचं दार लावून दाढी केली. बाहेर आलो तर आई समोर. "तुझं ऑफिस आहे रे, तुझी गोष्ट वेगळी," ती म्हणाली. ज्याला ऑफिस नव्हतं त्याच्या वाट्याला सगळं सुतक आलं. मला आईचा संताप आला होता, आणि तिच्याशी भांडायला तोंड नव्हतं म्हणून तो जास्तच आला होता.

त्यानंतर कधीतरी एका सकाळी बाबांनी तळवा पुढे केलाच नाही. आई म्हणाली, "बघ, झाली सवय." पुढे ते आरशासमोर उभं राहायलाही तयार होईनात. आरशातल्या पांढऱ्या खुंटांच्या म्हाताऱ्याला बघून ते बाजूला व्हायचे, त्याला वाट द्यायला. खिडकीपाशी चहा निवून जायचा. मला कुणी नावाने हाक मारली नाही. मी वेळेवर ऑफिसला पोचायला लागलो.

अकराव्या दिवशी आईने घर धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं, देवांची पूजा केली आणि स्वतः स्टूल घेऊन ती पिशवी खाली काढली. तिलाच जास्त घाई होती. पंचा तिने भिजवला, गाल तिने शेकले. मी बाटली उघडून बाबांच्या नाकाजवळ नेली, मग त्यांचा डावा तळवा हातात धरून त्यावर तेल ओतलं.

बाबा तेलाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते हळूच उजव्या तळव्यावर घेतलं आणि खाली डावा हात धरला. ओंजळ ओठांपर्यंत नेऊन त्यांनी ते तेल पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून मागे फिरवला आणि डोळे मिटून देवघराच्या दिशेला नमस्कार केला. त्यांनी तीर्थ घेतलं होतं.

मग आई म्हणाली, "खोबरेल आहे, पोटाला बाधणार नाही." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथून नळाचा आवाज येत राहिला.

त्यानंतर मी जे केलं त्याला आपल्याकडे बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. गावाहून घाण्याचं तेल मागवलं, कारण दुकानातल्याला तो जुना वास नसेल असं मला वाटलं. तिळाचं आणलं, एरंडेल आणलं. बाटली तांब्यात उभी करून तेल कोमट केलं. डोंबिवलीच्या घरातून तो मोरीवरचा आरसा काढून आणला आणि बेसिनच्या वर टांगला. बाबांनी खोबरेल प्यायलं, तिळाचंही प्यायलं, एरंडेल थुंकून टाकलं. आई प्रत्येक वेळी दारात उभी राहून बघायची. एकदा ती म्हणाली, "यांनीच पाळलं असतं रे. मी काय माझ्या मनाचं केलं?" तिला माझ्याकडून एक 'नाही गं' हवं होतं. मी ते दिलं, पण मला ते मनापासून देता आलं नाही, आणि ते तिलाही कळलं. बायको तर 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

दाढी तर वाढतच होती. नाक्यावरच्या सलूनमधला माणूस घरी बोलावला. त्याने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल को मशीन मार देता हूँ, टेन्शन नहीं." मशीनची घरघर कानाशी आल्यावर बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि ते किंचाळले. अर्धा गाल झाला, अर्धा राहिला. तसेच ते दोन दिवस घरात फिरत होते.

मग मी हातात घेतलं. पहिल्या दिवशी माझ्याच डब्यातला फेस वापरला आणि तीन ठिकाणी रक्त काढलं. बाबा रडले नाहीत, फक्त माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. त्यांची कातडी आता ओल्या कागदासारखी झाली होती, पात्याबरोबर पुढे सरकायची. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने तेल घेतलं. माझ्याच डाव्या तळव्यावर घेतलं, त्यांच्या गालांना खालून वर चोळलं आणि थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा ते तेल मुरायची वाट बघत उभा राहिलो. फेस धरेना. मी ब्रश घोळवत राहिलो आणि मग धरला. खोल गेलेला गाल आतून जिभेने फुगवायचा असतो, ते त्यांना सांगून कळत नव्हतं, म्हणून बोटाने कातडी ताणून धरली. रक्त आलं नाही.

आता हे रोजचं झालंय. हात बसलाय माझा. मास्क आला तर गालावर फट न ठेवता बसेल, अशी दाढी मी करतो. तुरटी लावतो, चहा देतो आणि समोर बसतो. तास तसाच जातो. घाटीवरून पातं फिरवताना कधी कधी मनात येतं, की पुढचं सुतक या घरात कुणाचं येणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते मात्र मी पूर्ण पाळणार आहे. तेव्हा मला कुणी ऑफिसची सवलत देऊ नये.

परवा रविवार होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि बाबा बऱ्याच दिवसांनी शांत बसून होते. मी तेल चोळलं, थांबलो, फेस केला. एक गाल झाल्यावर बाबा अचानक बोलले.

"हात हलका आहे तुमचा."

मी थांबलो. "दुखत नाही ना?" मी विचारलं.

"छे. तेल लावून करता, म्हणून. हल्ली कुणी लावत नाही. कुठे शिकलात?"

"घरीच," मी म्हणालो. "वडिलांकडे."

"चांगलं शिकवलं त्यांनी." बाबांनी मान वर करून गळा माझ्यापुढे केला. "आहेत का?"

मला रडू फुटत होतं आणि हातात पातं होतं. "आहेत," मी म्हणालो, आणि गळ्याची दाढी पुरी केली.

तुरटी लावून झाल्यावर मी ब्रश धुवायला उठलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "अहो, सामान आवरू नका. माझा मुलगा येईल आता. त्याची पण करून द्या. त्याची कातडी माझ्यासारखीच आहे, पण तेल लाव म्हटलं तर ऐकत नाही. नुसती घाई. तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल."

"सांगतो," मी म्हणालो.

बाबा खुर्चीतच वळले आणि दाराकडे बघत बसले. आई चहा घेऊन आली, तर तिला त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "पोरगं येऊ दे, मग सगळे घेऊ." आईने माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश धुतला नाही. फेसाची वाटी मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसलो.